गोरीचे चारशे

चार वाजले तशी सावळीने नोंदवही पुढे ओढली आणि वर गेलेली माणसं किती, उतरलेली किती, हे बोटाने ताडून पाहिलं. सगळे उतरले होते. डोंगरातल्या जुन्या लेण्याच्या वाटेवर वाडीच्या समितीने दोन वर्षांपूर्वी हे नाकं सुरू केलं, तेव्हापासून इथे बसायचं काम तिचंच. आडवा बांबू, एक खुर्ची आणि पत्र्याचा फलक: भारतीय चाळीस, परदेशी चारशे.

हा चारशेचा आकडा सावळीनेच काढलेला. सभेत पुरुषमंडळी शंभर की दीडशे करत बसली होती, तेव्हा ही मागून म्हणाली होती, "चारशे लावा. विमानाला पैशे हायत, मग आमच्या लेन्यालाच काय झालं?" सगळे हसले आणि आकडा ठरला. त्या पैशांतून वाटेला कठडा झाला, पायऱ्या झाल्या. त्यामुळे सावळीचा तोरा जरा वाढला होता, हे वाडीत कुणीही सांगेल.

सकाळी अकराच्या सुमारास एक गोरी पोरगी एकटीच आली होती. पाठीला पिशवी, उन्हाने नाक सोललेलं. तिने आधी चाळीस रुपये पुढे केले. सावळीने मान हलवली. मग पोरगी मोडक्या हिंदीत बरंच बोलली, परतीच्या गाडीला पैसे लागतील, असं काहीबाही. सावळीने फलकावर बोट ठेवलं ते ठेवलंच. खरं सांगायचं तर तिला त्यात थोडी मजाही वाटली. पोरगी लालबुंद होऊन मागे वळली आणि सावळीने डबा उघडून निवांत भाकरी खाल्ली.

आता वही मिटून ती उठणार, तोच म्हातारा जगन शेरडं हाकत आला.

"ती गोरी उतरली का गो? दुपारी घळीच्या वाटेनं चढताना बघितली मी."

नाकं चुकवून मागून लेण्याकडे चढणाऱ्या घळीच्या वाटेने सावळी लहानपणापासून हिरडे आणायला जायची. मागच्या पावसाळ्यात त्या वाटेचा मधला टप्पा कोसळला आणि तेव्हापासून तिकडे कुणी फिरकत नव्हतं. त्यात आता गवत वाळलेलं, पाय ठेवला की सरकणारं.

"तुमी हाक नाय मारली?"

"मारली. तिनं हात हलवला न गेली."

वर गेलेलं माणूस पाचपर्यंत उतरलं नाही तर वाडीतल्या पोरांनी शोधायला निघायचं, असा नियम होता. पण त्यासाठी वहीत नाव लागतं. शिवाय आज सगळी पोरं म्हशाच्या जत्रेला गेली होती. सावळीने समितीच्या अध्यक्षाला, म्हणजे आपल्याच दिराला, जगदीशला, फोन लावला. तोही जत्रेतच होता.

"वयनी, वहीत नाव हाय का तिचं?"

"नाय."

"पावती फाडली?"

"नाय."

पलीकडून येणारा पाळण्यांचा गोंगाट दूर गेला. मग जगदीश हळू आवाजात म्हणाला, "मग ती आलीच नाय. तुमी घरी जा न कोनाशी बोलू नका. उद्या पोलीस आले तर पयलं तुमालाच इचारतील, कोनी परत पाठवली म्हनून."

सावळी भ्यायली. पोलिसांची गाडी, दारात जमलेली वाडी, आपल्याकडे वळलेली बोटं, सगळं तिला डोळ्यांसमोर दिसलं. तिने वही पिशवीत टाकली, चप्पल घातली आणि घराकडे चार पावलं टाकलीसुद्धा. पण घरी जाऊन चूल पेटवायची, भात रांधायचा, तो गिळायचा कसा, ते तिला कळेना. ती मागे फिरली. "चला," एवढंच ती जगनला म्हणाली.

चढताना हाक मारावी तर नाव माहीत नाही. "ओ बाय, ओ गोरी," असं ती ओरडत राहिली. एका वळणावर खाली घळीत निळी पाण्याची बाटली दिसली आणि सावळीला पुढे पाहायचा धीर होईना. जगन आधी पुढे गेला, वाकला आणि त्याने हाताने खूण केली.

कोसळलेल्या टप्प्याखाली, वीतभर खडकावर पोरगी उभी होती. एका पायात बूट नव्हता. दोन्ही हातांनी तिने एक मुळी कवटाळलेली. सावळी पोटावर आडवी झाली, जगनने तिचे पाय घट्ट धरले आणि तिने हात खाली सोडला.

पोरीने वर पाहिलं. तिने सावळीला ओळखलं आणि तिचा चेहरा आणखीच पांढरा पडला. तिने मुळीवरचा एक हात सोडला. सावळीला वाटलं, आता हात देईल. पण तो हात कमरेच्या बटव्यात गेला. पायाखालची माती सुटली, खडे खाली गेले, ते कुठे पडले त्याचा आवाजही आला नाही. चुरगळलेल्या नोटा वर करून पोरगी म्हणत होती, "चार सौ. चार सौ."

"पैशे नको गो. हात दे."

पोरगी नोटाच पुढे करत राहिली. सकाळी फलकावरचं बोट न हलवणाऱ्या बाईवर तिने आता विश्वास ठेवायचा तरी का? आपण पैसे घेतल्याशिवाय ती हात देणार नाही, हे सावळीच्या ध्यानात आलं. तिने नोटा घेतल्या, दातांत धरल्या आणि पोरीचं मनगट पकडलं. जगनने मागून ओढलं. गुडघे, कोपरं सोलवटत दोघी वर आल्या.

सावळीला रडू फुटलं, तिने पदराने डोळे पुसले. मग तिने ओल्या झालेल्या नोटा सरळ केल्या आणि पोरीपुढे धरल्या.

पोरीने त्या घेतल्या नाहीत. ती घाबरून मागे सरकली, बटवा उलटा करून झटकला आणि रिकामा दाखवत म्हणाली, "और नहीं है."