मर्व्हच्या टकलावरची बाई

"आता पापणी लवायची नाही," लुसियन क्रो म्हणाला, आणि बेटावरच्या पेंग्विन नावाच्या गावच्या सभागृहात खच्चून भरलेल्या माणसांनी श्वाससुद्धा बेतानेच घेतला.

रविवारची भर दुपार. बाहेर समुद्रावर लख्ख ऊन आणि आत जाड पडदे ओढून केलेला काळोख. भयपट मंडळाचे खेळ दुपारीच व्हायचे. मंडळी बहुतेक साठीपुढची, आणि अंधार पडला की रस्त्यावर वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, उड्या मारत थेट गाडीच्या काचेवर येतात. भुताला इथे कोणी भीत नसे, वॉलबीला सगळे भीत.

समोरच्या पडद्यावर एकच चित्र होतं. एका बाईचा चेहरा, कोळशासारखा काळा. केस पांढरेशुभ्र. कपाळावर मोहरीएवढा पिवळा ठिपका.

"ही सेराफिना," जांभळ्या मखमली कोटातला लुसियन घोगऱ्या आवाजात सांगत होता. "शंभर वर्षांपूर्वी होबार्टमध्ये हिचा भयपट तयार होत होता. शेवटच्या दिवशी आग लागली. चित्रपट जळाला, सेराफिना जळाली. वाचली ती फिल्मची ही एवढी चौकट. आगीने तिचा चेहरा काळा केला, केस पांढरे केले. मी कोणी नाही हो! मी तिचा नुसता पोस्टमन. त्या ठिपक्याकडे बघत राहा. माझी प्रार्थना संपेपर्यंत नजर हलवू नका. सेराफिना, ये... तुझी माणसं जमलीत, ये..."

प्रार्थना बरीच लांबली. मग खट्कन आवाज झाला. चित्र गेलं, पडदा कोरा पांढरा झाला.

आणि सेराफिना आली. या खेपेला चेहरा गोरापान, केस काळेभोर. कोऱ्या पडद्यावर ती अधांतरी तरंगत होती.

"अगं बाई! आली!" "मलाही दिसतेय!" "माझ्याकडेच बघतेय गं!" सभागृहात एकच कल्लोळ उठला.

रोवीना टॅटलोच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती शाळेत चित्रकला शिकवायची, आणि हे मंडळ तिनेच काढलेलं. मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने ॲडलेडला राहून ती परवाच परतली होती. ती नसताना मंडळात शिरलेल्या लुसियनचा कारभार ती आज पहिल्यांदाच पाहत होती. घाबरून तिने नजर वळवली, तर सेराफिनाही वळली. पुढच्या रांगेत बटाट्याची शेती करणारा मर्व्ह डगन बसला होता. त्याच्या तुळतुळीत टकलावर सेराफिना जाऊन बसली. रोवीनाने वर छताकडे पाहिलं, तर सेराफिना छतावर. मग ती विरत विरत नाहीशी झाली.

अंगावरचा काटा तसाच होता, पण रोवीनाला हसू फुटायला लागलं. शंभर वर्षं ताटकळलेली नायिका परत येते काय, आणि मर्व्हच्या टकलावर बसते काय!

चहाच्या सुट्टीत मात्र तिचं हसू मावळलं. पूर्वी ही सुट्टी म्हणजे मंडळाचा जीव होता. कुठला भयपट पाहावा, कुठला बघून वेळ वाया घालवू नये, यावरून हातघाईवर येत सगळे. मर्व्हच्या मते किमान तीन मुंडकी उडाली नाहीत तर तो भयपटच नव्हे. डल्सी हर्प्सची अट एकच, कुत्रा शेवटपर्यंत जिवंत राहिला पाहिजे. एकदा त्या दोघांनी एका तळघराच्या चित्रपटावरून इतका कडाक्याचा वाद घातला होता की हातातल्या लॅमिंग्टन केकचा खोबऱ्याचा कीस एकमेकांच्या चहात पडला. आज सगळे मुकाट्याने लुसियनपुढे रांगेत उभे होते.

"या आठवड्यात काय बघू हो?" मर्व्ह विचारत होता. हा मर्व्ह!

लुसियनने डोळे मिटले. "सेराफिना म्हणते, मुंडकी उडवू नका. आगगाडीतल्या नवरीचा चित्रपट बघा. आणि दानपेटी तिकडे आहे."

"बरं," मर्व्ह म्हणाला.

रोवीना डल्सीला शोधत कोपऱ्यात गेली. डल्सी एकटीच बसली होती. डाव्या डोळ्यावर ओलं फडकं बांधलेलं.

"हे काय गं?"

"तू कोणाला सांगू नकोस," डल्सी कुजबुजली, पण चेहरा उजळला होता तिचा. "सगळ्यांना ती दिसते आणि जाते. माझ्याकडून जातच नाही. दोन दिवस झाले. डाव्या बाजूला काळी सावली उभी असते, पडद्यासारखी. आणि मधूनच वीज चमकते. क्रो साहेब म्हणाले, तिने तुला निवडलंय. हे त्यांच्या मिठाच्या पाण्याचं फडकं. डॉक्टरांच्या यंत्राने डोळ्यात डोकावलं तर ती रागावेल म्हणाले."

रोवीनाने हातातली बशी खाली ठेवली. "डल्सी, ऊठ. आत्ताच्या आत्ता इस्पितळात जायचं."

"मला माहीतच होतं तू असं म्हणणार!" डल्सीने हात सोडवून घेतला. "जॉर्ज गेल्यापासून माझ्याकडे कोण बघतं गं? फोन वाजला तर विमावाल्याचा. कोणीतरी इतक्या माणसांतून मला निवडलंय, तर तेही तुला बघवत नाही?"

रोवीनाने पुन्हा तिचा हात धरला नाही. ओढून नेली तरी डल्सी गाडीतून उतरून परत येणार. आधी ती सेराफिना घालवायला हवी होती. आणि सेराफिना कुठून येते ते चित्रकलेच्या बाईंच्या आता ध्यानात आलं होतं. वर्गात लाल चौकोनाकडे टक लावायला सांगून मग कोऱ्या भिंतीवर हिरवा चौकोन दाखवायचा, हा खेळ त्या दरवर्षी खेळत. पोरांना वाटायचं, बाईंनी जादू केली.

ती लुसियनसमोर जाऊन उभी राहिली. "क्रो साहेब, मंडळासाठी एक फोटो घेऊ का?"

"अवश्य!" लुसियनने हनुवटी वर केली. तोंडात केक होता, गाल फुगलेला.

फोटो घेऊन रोवीना मंडळाच्या लॅपटॉपपाशी बसली. फोटोचे रंग उलटे केले, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. डोक्यावर दोन लांब कान काढले. नाकावर पिवळा ठिपका दिला. सुट्टी संपायच्या आत ती मंचावर पोचली.

"मंडळी, सेराफिनाने मलाही एक चित्र दिलंय. ठिपक्याकडे बघा. पापणी लवायची नाही."

"हे चालणार नाही!" लुसियन धावत आला. "तिची परवानगी—"

"परवानगी नसेल तर ती येणारच नाही. तुम्ही का घाबरता?" रोवीना म्हणाली. त्याच्यासारखाच घोगरा आवाज काढून तिने सुरू केलं, "ये... तुझी माणसं जमलीत, ये... केक संपायच्या आत ये..."

खट्. पडदा कोरा झाला.

मग मर्व्ह ओरडला, "अरे, हा तर लुसियन! सशाचे कान लावून आलाय!"

आणि सभागृह फुटलं. जिकडे बघावं तिकडे गाल फुगवलेला, लांबकान्या लुसियन तरंगत होता. भिंतीवर, छतावर, शेजारणीच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"माझ्या देहात सेराफिना—" लुसियन सुरू झाला.

"तू तर जिवंत उभा आहेस की रे इथे!" मर्व्ह म्हणाला. "मग भूत कोणाचं आलं? आणि कान कोणाचे?"

रोवीनाने दिवे लावायला लावले. "भूत डोळ्याचं आलं. एकाच जागी टक लावली की डोळ्याच्या ज्या भागावर उजेड पडतो तो भाग थकतो, आणि जिथे काळं पडतं तो ताजा राहतो. मग कोऱ्या पांढऱ्याकडे पाहिलं की थकलेल्या भागाला ते मळकट दिसतं, ताज्याला लख्ख. काळी बाई गोरी होते. म्हणून तर हिचा चेहरा काळा केलाय. आगीने चेहरा काळा होतो म्हणे, आणि केस पांढरे? केस आधी जळतात हो! आणि ती तुमच्याबरोबर फिरते, कारण ती तुमच्याच डोळ्यात आहे. थोड्या वेळाने डोळा ताजातवाना होतो, ती जाते. त्याला ना मीठ लागतं, ना दानपेटी."

काहीजण हसत होते, काही ओशाळले होते. मागून एक बाई हळूच म्हणाली, "मला आवडायची ती." रोवीनाने मान डोलावली. "मलाही आवडली. काटा आला मला. उद्या पुन्हा बघू आपण, हवी तेवढी."

तेवढ्यात कोपऱ्यातून डल्सी उठली. फडकं तिने काढलं होतं. लुसियनकडे न बघता ती रोवीनाला म्हणाली, "थोड्या वेळाने जाते म्हणालीस. मग माझी का जात नाही?"

सगळ्यांच्या माना डल्सीकडे वळल्या.

"कारण ती सेराफिना नाहीये, डल्सी," रोवीना जवळ जाऊन म्हणाली. "तुझ्या डोळ्याचा आतला पडदा सुटत असावा. माझ्या वडिलांना असंच दिसायचं, आधी वीज, मग सावली. ते आठवडाभर थांबले. त्यांचा तो डोळा गेला."

डल्सीने सावकाश आपली पर्स उचलली. "म्हणजे मला कोणीच निवडलं नव्हतं."

"मी निवडतोय ना!" मर्व्ह खेकसला. किल्ल्या त्याच्या हातात होत्या. "तू नसलीस तर मी भांडू कोणाशी? चल, गाडीत बस."

जवळच्या बर्नी शहरातल्या इस्पितळाने त्याच संध्याकाळी तिला होबार्टच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. शस्त्रक्रिया झाली. उशीर झाला होता, डाव्या बाजूची थोडी नजर गेली ती गेलीच, पण डोळा वाचला. या गडबडीत लुसियन चौकट खिशात घालून मागच्या दाराने पसार झाला. हल्ली तो बेटाच्या दुसऱ्या टोकाला असतो म्हणतात. त्याच्या सेराफिनाचं नाव आता वेगळं आहे.

काही आठवड्यांनी डल्सी मंडळात परतली. आगगाडीतल्या नवरीचा चित्रपट तिने डाव्या डोळ्याची पट्टी सुटायच्या आधी एका डोळ्याने पाहिला होता, आणि एका डोळ्यालाही तो जास्त झाला, असं तिचं मत पडलं. मर्व्हला तो नेमका आवडला होता. चहा थंड होईपर्यंत दोघे भांडले.

वाचकहो, माझ्याही शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. एखाद्या फोटोचे रंग उलटे करा, नाकावर टक लावा आणि कोऱ्या भिंतीकडे बघा. कोणाचंही भूत येईल, तुमच्या साहेबांचंसुद्धा. भीतीची मजा जरूर घ्या, भयपट त्यासाठीच असतात. पण खेळ संपला की दिवे लागतात आणि आपण घरी जातो. जो दिवे लावू देत नाही आणि डॉक्टरकडे जाऊ नका म्हणतो, तो खेळ दाखवत नसतो. तिथे आपण उठावं आणि दिव्याचं बटण आपल्या हाताने दाबावं.