महाराज डावा हात धरत नाहीत

रामाकोना गावच्या संत्राबागेत त्या दिवशी तोडणी बंद होती, तरी माणसं रोजच्या दुप्पट. धुऱ्यावर, म्हणजे बागेच्या बांधावर, काटेमहाराज बसले होते. समोर पितळी परात, परातीत दर वेळी नवं नितळ पाणी. संत्र्याचा काटा रुतलेला उजवा हात त्यात बुडवायचा, महाराजांनी पुटपुटायचं, की कातडीवर ओरखडाही न पडता पाणी लालभडक! नासलेलं रक्त निघालं म्हणून बायका हात जोडायच्या. "पाप बाहेर, ताप बाहेर, डॉक्टर गेला वाऱ्यावर" हा मंत्र ऐकूनही कुणी हसत नव्हतं, खरा चमत्कार तो.

दीपालीला हसू सुचतच नव्हतं. ती जवळच्या सौंसरला दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. तिची आई मालती तोडणीला जायची. मालतीचं बोट सुजून भेंडीचं वांगं झालं होतं आणि मनगटावरून एक लाल रेघ कोपराकडे चढत होती. दवाखान्यात गेलीस तर नासकं रक्त आत कोंडेल, असं महाराजांनी बजावलेलं. तीन दिवसांत आईने तीनदा हात बुडवला होता. रेघ आणखी चढली तर जिवावर बेतेल हे दीपालीला माहीत होतं. ती पार घाबरली होती.

तरी डोकं ठिकाणावर होतं. परातीत येणारा प्रत्येक हात पिवळा आहे, हे तिने हेरलं. काटा रुतला की हळद लावायची, ही घरोघरची रीत. ज्याने लावली नसेल त्याला महाराज श्रद्धा नाही म्हणून हाकलत. दीपालीने एका संत्र्याला हळद फासली आणि ते परातीत सोडलं. पाणी लाल झालं.

"महाराज, या संत्र्याचं पाप कोणतं?"

गर्दीत खसखस पिकली. परातीत चुन्याची निवळी आहे आणि तिच्यात हळद पडली की ती लाल होणारच, हे दीपालीने सांगितलं. महाराज उपरणं झटकत राहिले. पण मुकादम नत्थूजी काही केल्या हटेनात.

"ते असू दे, पोरी. चार खेपा काटा रुतला, चारी खेपा माहा हात बरा झाला ना?"

"कोणता हात, काका?"

"उजवा. महाराज डावा हात नाई धरत."

"मंग डाव्याले कोनं बरं केलं?"

नत्थूजी आपल्या दोन्ही पंजांकडे बघत राहिले. फांदी धरायची डाव्या हाताने, म्हणून काट्यांचे वण त्यावरच जास्त. आणि सगळे छान भरून आलेले. मग जो तो आपला डावा हात बघू लागला.

दीपालीने समजावलं. रक्तात काही प्रथिनं असतात, त्यांना कॉम्प्लिमेंट म्हणतात. जंतू शिरला की ती त्याला चिकटतात. ज्या झाडाची फळं तोडायची त्यावर काका गेरूची फुली मारतात, तशीच ही खूण. खूण दिसली की पांढऱ्या पेशी येऊन जंतू गिळतात. काही जंतूंना तर ही प्रथिनं स्वतःच भोकं पाडून मारतात. जखमेभोवती लाली येते, सूज येते, तीही बरीचशी या धावपळीनेच.

"मंग माहंच काहून बरं होऊन नाई राहिलं?" मालतीने हळूच विचारलं.

"रक्त फुल्या मारून राहिलं, आई. पन जंतू लई झाले, मजूर पुरून नाई राहिले. आता बाहेरून मदत पाहिजे."

मजूर न पुरणं म्हणजे काय, हे नत्थूजींना वेगळं सांगावं लागलं नाही. त्यांनीच मोटरसायकल काढली आणि मायलेकींना सौंसरला नेलं. महाराज तेवढ्यात पसार झाले. परात मात्र विसरले.

औषध सुरू झालं आणि काही दिवसांत रेघ उतरली. पुढच्या तोडणीला मालती हजर होती.

काटा रुतला तर जखम स्वच्छ धुवा. सूज पसरली, ताप आला, तर लगेच दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: डाव्या हाताचं काय?