झोळीच्या घोडीचा चौथा पाय

अभिमन आबांनी ती लाकडी घोडी मुलाच्या, नवलच्या जन्माच्या वेळी स्वतःच्या हाताने केली होती. दोन्हीकडे कात्रीसारखे बाभळीचे दोन-दोन पाय, वर आडवा दांडा आणि दांड्याला लुगड्याची झोळी. गावचा सुतार हसला होता, "आबा, हिच्यात पोरगं झोपवणार की बैल बांधणार?" हसू दे की! नवल त्याच झोळीत वाढला, आणि दात शिवशिवायला लागले तेव्हा घोडीचा एक पाय घुशीसारखा कुरतडत बसला.

तो नवल गेल्या आषाढात विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. बायको दिपमाला तेव्हा पोटुशी होती. जळगावला माहेरी बाळंत झाली, आणि आता दोन महिन्यांची लेक घेऊन शिंदखेड्याजवळच्या या सासरघरी आली होती. आठ दिवसांसाठीच! तिचा भाऊ उंबऱ्यातच बजावून गेला होता, "रविवारी न्यायला येतो. पुढचं जळगावलाच बघू." तेव्हापासून आबांच्या काळजात एकच कळ होती. ही गेली की परत येत नाही, नवलचं एवढंच उरलंय, तेही जाणार.

म्हणून त्यांनी गोठ्यातून घोडी ओढून काढली, धुतली, झोळी बांधली आणि हलवून पाहिली.

"ओ, रिकामी झोयी हालावू नका!" बायको, ताईबाई, चुलीपासून ओरडली. "पोरनं पोट दुखस!"

"मंग धड शे का नही, ते कसं समजी?"

ताईबाईने वरवंटा आणून झोळीत निजवला. बारशाला नाही का, आधी वरवंटाच झोपतो! आबांनी झोका दिला. घोडीने हूं की चूं केलं नाही.

"दखा, लोखंड शे!" असं म्हणून ताईबाई भाकरीकडे वळली.

पण वरवंटा काही पाय झाडत नाही. आबांनी दाभण घेतलं आणि एकेका पायात टोचून पाहिलं. तीन पायांनी दाभण घेतलं नाही. चौथ्यात ते पुरणात जावं तसं आत गेलं. त्यांनी नखाने रंगाचा पापुद्रा काढला. वर लाल, खाली हिरवा, त्याखाली पिवळा. दर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग ते हौसेने घोडीला फासत आले होते, आणि त्या रंगाआड वाळवी निवांत जेवत होती.

"बठ्ठा, सगळा रंगच शे," ते पुटपुटले. "लाकूड कोठे शे?"

आणि पाय कोणता, तर नवलने कुरतडलेला. दातांची तेवढी जागा सोडून ते रंग द्यायचे.

पोकळीत लांबीची पुट्टी भरून वरून रंग मारला, तर कोणाच्या बापाला कळणार होतं? पाय बदलताना सुनेने पाहिलं, तर भावाच्या हातात आयतं कोलीत मिळणार, की यांच्या घरी झोळीसुद्धा धड नाही. आबांनी रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं, आणि त्यांना मोटारीची ती वायर आठवली. आतून सडलेली होती, नवलने वरून टेप गुंडाळून भागवलं होतं.

त्यांनी झाकण पुन्हा दाबून बसवलं. "दिपमाला, बाहेर ये, माय."

ती लेकीला खांद्यावर घेऊन आली. आबांनी तिच्यासमोर दाभण पुन्हा आत घातलं. "हाऊ पाय काढना पडी. नवलन्या खुणाबी जातीन."

तिने त्या खुणांवरून बोट फिरवलं. डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "काढा, आबा."

जुन्या वखराची दांडी तासून आबांनी दुपारपर्यंत नवा पाय बसवला. झोळीत ज्वारीचं पोतं घालून दणदणीत झोके दिले. मग पोरगी निजवली. दिपमाला दोरी ओढत बसली.

सवयीने आबांचा हात डब्याकडे गेला.

"नव्या पायाला रंग नका लावू, आबा."

"का वं? वाळवी दिसाले पाहिजे म्हणून?"

"ते आहेच. पण दात आले की हीपण इथे बसून चावेल ना. रंग पोटात जाईल."

आबांनी डबा खाली ठेवला. ताईबाईने तोंडाला पदर लावला. पोरीच्या हिरड्या अजून नुसत्या गुलाबी होत्या. दात यायला खूप अवकाश होता, आणि रविवार तर परवावर आला होता.