धूमकर्णाची आई

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो, आणि मला दिसत नाही. पाहण्याचे काम पडद्याचे. माझे काम बोटांचे. कोणते बोट घाईत आहे, कोणते रागात आहे, कोणते नुसतेच माझ्यावर टेकून विचार करीत बसले आहे, एवढे मला नेमके कळते. बाकीचे मी ऐकून घेतो. माझ्या शेजारी राहणारा माऊस स्वतःला फार शहाणा समजतो, पण त्याला इनमीन दोन बटणे. तेव्हा ही गोष्ट मीच सांगितलेली बरी.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो महाडच्या एसटी डेपोजवळचा टायपिंग क्लास. तिथे मी पुष्कळ मार खाल्ला. नोकरीसाठी परीक्षा देणारी मुले माझ्यावर असा राग काढीत, जणू त्यांची नेमणूक मीच अडवून धरली होती. सर मात्र "हा एकच कीबोर्ड धड आहे" असे म्हणत आणि मी फुगून जाई. मग एका पावसाळ्यात सावित्री नदीचे पाणी बाजारपेठेत आले आणि क्लासमध्येही शिरले. मी वरच्या फळीवर होतो म्हणून वाचलो. माझे सोबती वाचले नाहीत. क्लास पुन्हा उघडलाच नाही. त्या फळीवर धूळ खात पडलेलो असताना इम्रान मला घरी घेऊन गेला.

इम्रान औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीने काम करी. घरी त्याची आई साजिदा आणि टेम्पो चालवणारे वडील लतीफ, एवढीच माणसे. माझ्या कळांवरची अक्षरे झिजून गेली होती. इम्रानने आल्या आल्या प्रत्येक कळेवर मराठी अक्षराचे स्टिकर लावले. लावताना तो एकेक अक्षर मोठ्याने म्हणत होता, तेव्हा साजिदा आतून ओरडली, "बालवाडीत बसलायस काय रे?" त्यावर दोघेही हसले. त्या घरात मी ऐकलेला तो पहिला आवाज.

ही अक्षरे कशासाठी, ते मला लवकरच कळले. 'नऊ बुरुज' नावाचा एक खेळ होता. त्यात एक काळी राणी आणि तिचे नऊ क्रूर सरदार. खेळणारे पुष्कळ होते, पण काही जणांना नुसते खेळून चैन पडत नसे. त्यांनी मिळून इंटरनेटवर एक मराठी कोश चालवला होता. प्रत्येक सरदाराचे एक पान. तो कुठे जन्मला, असा दुष्ट का झाला, राणीच्या दरबारात त्याचे आसन कितवे, हे सारे त्यात लिहायचे. खेळात हे सरळ कुठेच सांगितलेले नव्हते. कुठे भिंतीवरचे चित्र, कुठे कोणी मरता मरता बोललेले वाक्य, असे तुकडे जमवून ही मंडळी एकेक ओळ लिहीत.

पुराव्याशिवाय ओळ नाही, हा त्यांचा नियम. प्रत्येक पानाला एक राखणदार असे आणि पानाच्या माथ्यावर त्याचे नाव असे. राखणदाराने लिहिलेली ओळ लगेच कोणी पुसत नसे. पुरावा त्याने मागाहून जोडला तरी चाले, इतका त्याला मान होता. पण राखणदार गप्प झाला, तर बाकीचे त्याला तीन वेळा हाक मारीत, "राखणदार, आहात का?" तिसऱ्या हाकेलाही उत्तर आले नाही, तर त्याचे नाव उतरवून पान दुसऱ्याच्या हाती देत.

इम्रान धूमकर्णाचा राखणदार होता. धूमकर्ण म्हणजे गावेच्या गावे धुराने कोंडून मारणारा सरदार. त्याच्यावरून इम्रानचे पोलादपूरच्या अनुष्काशी आणि मुंबईला नोकरी करणाऱ्या बुद्धरत्नशी रोज वाजे. या तिघांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते, फोन नंबरही कोणी कोणाचा मागितला नव्हता. इम्रान त्यांचे निरोप मोठ्याने वाची, बुद्धरत्नचा निरोप जाड आवाजात आणि अनुष्काचा नाकातून, आणि मग माझ्यावर तुटून पडे. मला ते आवडे. अशी बोटे मला पुन्हा मिळाली नाहीत.

दरबारात आसने कशी वाटली आहेत, हे कोणालाच उलगडत नव्हते. पडक्या पायरीवर कोरलेली एक ओळ इम्रानने शोधून काढली. 'ज्याच्यामागे रडणारे कोणी नाही, तो राणीच्या जवळ.' मग धूमकर्णाच्या लहानपणाचे तुकडे जोडून त्याने लिहिले, 'धूमकर्णाला आई नाही. तो पोरका वाढला. म्हणून त्याचे आसन दुसरे.' किती तरी दिवस वाद झाला आणि शेवटी सगळ्यांनी ते मानले. त्या दिवशी त्याने एंटरची कळ अशी हाणली की ती आजवर तिरकी आहे.

"अम्मी, मानलं त्यांनी!"

साजिदाने विचारले, "त्याला आई नाय?"

"नाय अम्मी. राक्षस हाय तो."

"राक्षसाला पण आई असते," ती म्हणाली आणि भात बघायला आत गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, तिसरी पाळी संपवून सकाळी घरी येताना, महामार्गावर इम्रानच्या मोटरसायकलला ट्रकने धडक दिली. घर माणसांनी भरले. मग ते रिकामे झाले. माझ्यावर धूळ साचत गेली आणि घरात कोणी मोठ्याने बोलेनासे झाले.

एका दुपारी संगणक सुरू झाला. लतीफ टेम्पो घेऊन गेले होते. मला वाटले, आता ती बोटे येणार. आली नाहीत. खुर्चीत साजिदा होती. इम्रानने तिला कधी तरी दाखवले होते, की संगणक लावला की पानावर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका येतो. ती अडखळत वाचत होती, "इम्रान. येथे आहे." पुन्हा वाचले, "येथे आहे." ऐकताना मला भीती वाटली, मित्रांनो. खरेच सांगतो.

मग ती रोज दुपारी येऊन बसू लागली. मला हात लावीत नसे. एके दिवशी तिने एक निरोप वाचला. "राखणदार, आहात का? ही तिसरी हाक. उत्तर नसेल तर नाव उतरवतो. अनुष्का."

"नाव उतरवतात?" साजिदा स्वतःशीच म्हणाली. तिचे बोट माझ्यावर भिरभिरले. स्टिकर वाचत वाचत तिने एकच शब्द लिहिला. 'आहे.'

लगेच बुद्धरत्नचे उत्तर आले. "कुठे मेला होतास एवढे दिवस?" तेही तिने मोठ्याने वाचले.

तिने तिथेच थांबायला हवे होते, असे तुम्ही म्हणाल. पण समोर तिच्या मुलाने लिहिलेले पान होते आणि त्यावर लिहिले होते, आई नाही. रोज तेच वाचायचे. एका दुपारी तिने ती ओळ पुसली आणि एका बोटाने, पुष्कळ वेळ घेऊन, लिहिले, 'धूमकर्णाची आई हयात आहे.' मग तिला थांबता येईना. 'लहानपणी त्याला पाण्याची भीती वाटे.' 'तो आईचा पदर धरून तळ्याच्या पायऱ्या उतरे.' 'त्याला सुक्या बोंबलाची चटणी फार आवडे.' 'घराबाहेर पडताना तो आईला सांगून जाई.' लिहिताना ती हळूच हसे. एखादे अक्षर सापडले नाही तर मला रागवेही.

आता गंमत बघा. राखणदाराने लिहिले म्हणजे त्याच्याकडे पुरावा असणारच, असे सगळ्यांनी धरून चालले. कारण पुरावा द्यायला इम्रान कधीच चुकला नव्हता. त्याने अजून जोडला नाही म्हणून मंडळी आपणच शोधायला लागली, आणि शोधणाऱ्याला काही ना काही सापडतेच. कोणाला चित्रातल्या कोपऱ्यात बाईची सावली दिसली. कोणाला तळे सापडले. आई आहे म्हणजे मागे रडणारे आहे, म्हणून धूमकर्णाचे आसन दुसऱ्यावरून थेट नवव्यावर गेले. पायरीवरच्या ओळीवरून काढलेला आपला निष्कर्ष आता इम्राननेच खोटा ठरवला, असे बुद्धरत्नने जाहीर केले. साजिदाला त्यातले काही कळत नव्हते. लोक इम्रानशी बोलत आहेत, एवढेच तिला दिसत होते. बोटे कोणाची आहेत ते मला ठाऊक होते. माझ्या हातात काय होते?

मग एका सकाळी दारात आवाज आला. "चाची, मी अनुष्का. पोलादपूरची."

ती एसटीने आली होती. इम्रान महाडचा आणि वडिलांचा टेम्पो आहे, एवढ्यावर ती विचारत विचारत घर शोधत आली होती, आणि घर दाखवणाऱ्यानेच तिला बातमी सांगितली होती. साजिदा म्हणाली, "ये गो बाय. बस." अनुष्का बसली नाही.

"चाची, इम्रान काल माझ्याशी बोलला."

"मी बोलले ती."

अनुष्का म्हणाली, "मला वाटतच होतं काही तरी. तो भांडायचाच बंद झाला होता. मी लिहिलं, तू चुकलास. तर उत्तर आलं, बरं. इम्रान मला कधी 'बरं' म्हणाला नसता."

"मला तो ठिपका बघायचा व्हता, बाय," साजिदा म्हणाली. "त्याच्या अब्बांना पन ठाव नाय. तू पानावरनं त्याचं नाव काढू नको. तेवढंच हाय आता."

अनुष्का रडू लागली. "नाही काढत, चाची. कोणाला सांगणारही नाही. असंच चालू राहू दे."

साजिदाने तिला पाणी दिले. मग बसून तिने विचारले, "मी लिवलं, त्यानं त्याचं काय बिघडलं नाय ना?"

खोटे बोलणे अनुष्काला सोपे होते. मला वाटले, बोलेल. पण ती म्हणाली, "त्यानं शोधून काढलेलं सगळं आता चूक ठरलंय, चाची. ते आसन, ते पोरकेपण. त्याचं एवढं नाव झालं होतं त्यावर."

"म्हणजे मीच पोराला खोटा पाडला?"

खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. साजिदाचे बोट माझ्या पुसायच्या कळेवर आले. चटणी गेली. तळ्याच्या पायऱ्या गेल्या, पदर गेला, पाण्याची भीती गेली. ती कळ दाबून धरली तर सारे एकदम पुसले जाते, पण तिने एकेक अक्षर पुसले. अनुष्का म्हणाली, "चाची, मी करते." साजिदा म्हणाली, "नाय. मीच."

मग तिने लिहिले, 'धूमकर्णाला आई नाही.' मित्रांनो, टायपिंग क्लासमध्ये मी हजारो वाक्ये सोसली. इतके जड वाक्य माझ्यावर कधी पडले नाही. त्याच्याखाली, निरोपांच्या जागी, तिने आणखी दोन वाक्ये लिहिली. 'इम्रान नाही. मी त्याची आई.' हे तिने याआधी कोणापाशी उच्चारलेही नव्हते. एंटर मात्र तिच्याने दाबवेना. अनुष्काने तिचे बोट आपल्या हातात धरले आणि दोघींनी मिळून ती तिरकी कळ दाबली.

"आता नाव उतरव," साजिदा म्हणाली. "नियम तुमचाच ना?"

त्या संध्याकाळी बुद्धरत्नचा फोन आला; नंबर अनुष्काने कळवला होता. आपण काय लिहिले होते ते त्याला आठवले असावे. साजिदा नुसती "हो रे, हो रे बाळा" म्हणत राहिली.

संगणक आता क्वचित लागतो. दुपारी कधी साजिदा येते, पंजा माझ्यावर पसरून ठेवते, एकही कळ न दाबता.

माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, धूळ पुसा. मला त्याची गरज नाही. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्याही पडद्यावर रोज भांडणारे, हसणारे कोणी असेल. त्याचा नंबर मागून घ्या. त्याला फोन करा आणि त्याचा आवाज ऐका, तो आहे तोवर ऐका. मागाहून हाक मारली तर पलीकडून उत्तर येईलही. पण ते बोट कोणाचे आहे, हे तुम्हाला कळणार नाही.