चुलीमागे दोन टिपाडं

"पोरं व्हताना सोसायटीला इचारलं व्हतं का, वच्छलाबाई?" टँकरचा पाइप हातात धरून चेअरमन सुंदरराव म्हणाला. "आजपासून माणसावर पाणी न्हाई. चुलीमागं दोन टिपाडं. घरात चार असू द्या न्हाईतर चाळीस."

उमापूरच्या अलीकडच्या त्या वस्तीवर दुष्काळात दूध सोसायटीचा टँकर यायचा, आणि सोसायटी म्हणजे सुंदरराव. त्याच्याकडून पाण्यापेक्षा भाषणच जास्त वाहायचं. माणसं बेसुमार वाढली, जमीन तेवढीच राहिली, सरकारनं साऱ्या देशाला दोन पोरांचा कायदा लावला पाहिजे.

"आन् तुमचा बारा एकर ऊस?" वच्छलाबाईनं विचारलं. "त्यो किती पाणी पितो? त्येला कावून कायदा न्हाई?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सुंदररावानं पाइप पुढच्या टिपाडात टाकला.

घरी येताना मात्र ती जळत होती, कारण माणूस नालायक असला तरी त्याचं बोलणं सगळंच खोटं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा विहिरीवर सात माणसं होती, आता अठरा. थोरली सून सत्यभामा दोन मुलींवर थांबते म्हणाली होती. नातवाचा हट्ट वच्छलाबाईनंच धरला आणि पाच मुली झाल्या. पण अठराजण एका चुलीवर जेवतात याचा तिला कोण अभिमान.

चुली मोजतोय काय, मग दाखवतेच. भांडी धुतलेल्या पाण्यात तिनं माती कालवली आणि तीन नव्या चुली घातल्या. एक मधल्या सुनेच्या, मुक्ताच्या दारात, एक धाकट्या मुलाच्या, सिदूच्या दारात आणि एक ओसरीच्या कडेला, स्वतःची. मोठी चूल सत्यभामेकडे राहिली.

"नावापुरत्या हायेत गं," ती सुनांना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुंदरराव बघायला आला. "पेटलेल्या दिसल्या पायजेत," म्हणाला. मग चारही चुलींवर स्वयंपाक होऊ लागला. दारात आठ टिपाडं उभी राहिली आणि चेअरमनचं तोंड कडू झालं. वच्छलाबाईला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

आधी पाणी वेगळं झालं, मग पीठ, मग मीठसुद्धा. मुक्तानं आपल्या टिपाडाला कुलूप लावलं. त्याआधी सिदूच्या पोरीनं त्यात तांब्या बुडवला म्हणून तिला चापट बसली होती आणि भावाभावांचं बोलणं तुटलं होतं. "टँकर बंद व्हऊ द्या, समद्या मोडते," असं म्हणत वच्छलाबाई सगळं गिळत राहिली.

भादव्यात विहिरीला पाणी आलं, टँकर बंद झाला. त्याच दिवशी तिनं कुदळ घेतली. सासूनं पुढं व्हावं म्हणून पहिली स्वतःची चूल फोडली. मग मुक्ताच्या दारात गेली. मुक्ता चुलीला पाठ लावून बसली.

"माझी ऱ्हाऊ द्या, आत्याबाई. मला दोनच लेकरं हायेत. लोकाच्या पोरांच्या भाकरी मी कावून थापू?"

"लोकाची? सिदूची पोरं लोकाची झाली?"

मुक्ता जागची हलली नाही. सिदूच्या बायकोनं तर आतून कडीच लावली होती. दारातल्या चुलीवर भात शिजत होता.

कुदळ तिथंच टाकून ती मोठ्या चुलीपाशी आली. जिच्यावर अठराजणांच्या भाकरी व्हायच्या, त्या चुलीवर सत्यभामेनं लहानसं पातेलं ठेवलं होतं. पाचही पोरी ताटं घेऊन ओळीनं बसल्या होत्या. सत्यभामेनं पिठाचा हात झटकला. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं.

"आज कुणाकडं जेवता, आत्याबाई? म्हंजी तेवढं पीठ घेते."

वच्छलाबाई उंबऱ्यात उभी राहिली. मग पदर सावरून पोरींच्या ओळीत शेवटी बसली.

"अर्धीच टाक," ती पाहुणीसारखं म्हणाली. "बास व्हईल मला."