बटण्याचं हसू

शिवणकामाच्या दुकानात ताईच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चाले आणि शेजारी तिचा धाकटा भाऊ मुकाट शर्टांना बटणं लावी. म्हणून त्याचं नाव पडलं बटण्या. स्किझोफ्रेनिया जडून त्याला बरीच वर्षं झाली होती. कानातले आवाज गोळ्यांनी केव्हाच गप्प केले होते. पण अलीकडे तो स्वतःच गप्प झाला होता. चाल मंदावली, चेहरा मख्ख, ताईच्या विनोदांवर हूं की चूं नाही. शर्ट मांडीवर तसाच पडून राही.

"आळस भरलाय अंगात," आत्या म्हणाली. ताईला वाटलं, हा मनातून खचलाय. तिनं मायेनंच सुईदोरा त्याच्याकडून काढून घेतला. पण तिला एकच घोर लागला होता: आपल्याबद्दलची माया तरी याच्यात उरली आहे की नाही?

ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी त्याला दारापर्यंत चालायला लावलं. चालताना त्याचे हात हलतच नव्हते. बाईंनी मनगट वाकवून पाहिलं आणि त्यालाच विचारलं, "काम करावंसं वाटत नाही, की हात चालत नाहीत?"

ताईनं सवयीनं तोंड उघडलं. त्याची सगळी उत्तरं तीच द्यायची. बाईंनी हसून तिला थांबवलं आणि वाट पाहिली. ताईचा जीव नुसता कासावीस.

"वाटतं," तो अखेर म्हणाला. "हात ऐकत नाहीत."

"थोडी उमेद आजारानंच नेलीय, ती लगेच यायची नाही," बाई म्हणाल्या. "पण हा ताठरपणा औषधाचा आहे. डोस जपून कमी करू. तुम्ही मात्र आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका."

डोस हळूहळू उतरला. आवाज काही परतले नाहीत. आणि एका सकाळी बटण्यानं सुईदोऱ्यासाठी हात पुढे केला. ताईचे डोळे भरून आले. त्या बाईंचे उपकार कशानं फेडू, ती पुटपुटली.

पहिलंच बटण पठ्ठ्यानं काजांच्या पट्टीवर लावलं!

"अरे, गिऱ्हाईक काय छाती उघडी टाकून फिरणार?" ताई म्हणाली.

चेहरा अजून मख्खच. पूर्वी ती लगेच पुढचं बोलली असती. आज तिनं विचारलं, "हसू आलं का रे?" आणि बाई थांबल्या होत्या तशी थांबली.

"आलं," तो म्हणाला. "रोजच येतं, ताई. तोंडापर्यंत पोचत नाही."