नाक वर केलेली फियाट

आमच्या लेकीच्या, म्हणजे मित्राच्या, आंघोळीच्या टबात माझ्या नवऱ्याने, लोकेशने, आणि त्याच्या दोस्ताने गाडीची बेअरिंगं धुतली. घासलेटात. टबाच्या कडेला काळ्या वंगणाचा थर बघून मला कळलं, तर लोकेश म्हणाला, "साबणाने जातं गं." मी तो टब तसाच उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकला. पण वास गेला नाही. उशीला तोच वास, ताकाच्या भांड्याला तोच, आणि नवरा लाडाने लेकीला घास भरवायचा त्या वरणभातालाही.

सगळं त्या फियाटपायी. डिंडोलीत आमच्या बिल्डिंगखाली ती जुनी गाडी बरी उभी होती. मग लोकेशने मोबाइलवर कुठली तरी परदेशी गाडी बघितली, आभाळाकडे नाक केलेली. झालं. फियाटची पुढची चाकं आपापली हलतात. ती सगळी रचना यांनी कापून काढली आणि तिथे भंगारातल्या जीपचा सरळ ॲक्सल घातला. म्हणजे एकच लोखंडी दांडा, दोन टोकांना दोन चाकं. त्यावर कॉइलओव्हर, म्हणजे शॉकर आणि त्याच्याच अंगाभोवती स्प्रिंग. गाडी पुढून वीतभर वर आली. घुशीला काठ्यांवर उभं केल्यासारखी दिसते, असं मी म्हटलं, तर लोकेश रात्री जेवला नाही.

वेल्डिंग केलं त्या दोस्ताने, नवागामच्या गजेंद्रने. तोंडात मावा, थुंकायला आमच्या तुळशीची कुंडी. वेल्डिंगचे गोळे वारुळासारखे उठलेले, त्यावर गरम असतानाच काळा रंग फासलेला. काहीही विचारा, दोघांचं एकच उत्तर, गुजरातीत: "चालशे."

आज याच गाडीतून बारडोलीला जायचं होतं, लोकेशच्या मामेबहिणीच्या साखरपुड्याला. सासूबाई, मी आणि तीन वर्षांची मित्रा. गाडीत सीटचे पट्टे नाहीत. रस्त्याला पुढे-मागे उसाचे ट्रक.

निघण्याआधी गजेंद्रने पुढची बाजू जॅकवर उचलली. नटबोल्ट शेवटचे आवळायचे होते. चाकं खाली लोंबली, आणि मी वाकून बघितलं. चाकाकडे जाणारा ब्रेकचा रबरी पाइप कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताणला होता.

"अहो, हा पाइप बघा. आखूड पडतोय."

"वहिनी, गाडी जमिनीवर आली की ढिला पडतो," गजेंद्र म्हणाला.

"आणि खड्ड्यात चाक असंच खाली गेलं तर?"

"चालशे."

"चालेल हो. थांबेल का?"

गजेंद्र खो खो हसला. माव्याचे कण माझ्या चपलेवर. "लोक्या, तुझ्या बायकोने मेकॅनिकल केलंय का रे?"

"झूलॉजी केलंय," मी म्हटलं. "बेडूक फाडलेत. शीर कुठली आणि दोरी कुठली, एवढं कळतं."

लोकेशचे कान लाल झाले. दोस्तापुढे बायको बोलली, हे त्याला पाइपापेक्षा जास्त लागलं. "प्रत्येक गोष्टीत खोट काढायची. पोरीला सर्दी झाली तरी मीच, गाडी बनवली तरी मीच."

सासूबाई, अंजनाबाई, मित्राला कडेवर घेऊन मडगार्डाशी टेकल्या होत्या. नवी पांढरी साडी, डोळ्यांत लेकाचं कौतुक. "ऱ्हाऊ दे ना वं नीलम. इतली मेहनत करीसन बनाडी त्यानी. पोरले आवडस."

"आई, तुम्ही आधी मागे सरका. मित्राला माझ्याकडे द्या."

"मागे कशाला? बघू दे सगळ्यांना," म्हणत लोकेश आत जाऊन बसला. "हे घे, पूर्ण वळवतो. हे घे, ब्रेक दाबतो. बघ तुझी शीर."

चाक वळलं. पाइप आणखी ताणला, त्याची कातडी पांढरी पडली. मी मित्राकडे धावले. लोकेशने इरेला पेटून पेडलवर पाय आपटला, आणि पाइप तोंडाशी सुटला. ब्रेक ऑइलची पिचकारी मडगार्डावर, सासूबाईंच्या निऱ्यांवर आणि मित्राच्या उघड्या पायांवर. ती किंचाळली. आत पेडल तळाला जाऊन धप्प वाजलं.

लोकेश दार उघडून धावत आला. हातात फडकं होतं. मला वाटलं, पोरीकडे.

तो मडगार्डापाशी गुडघ्यावर बसला. "रंग खातं हे! गज्या, पाणी आण, रंग उतरेल!" आणि नव्या लाल रंगावर तो फडकं फिरवत राहिला, हळुवार. असा हळुवार हात मी त्याचा मित्राच्या तापात बघितला नव्हता.

गजेंद्र बादली घेऊन आला. तीही गाडीसाठी.

मी ती बादली त्याच्या हातातून ओढून घेतली आणि मित्राचे पाय धुवायला बसले.

"अगं, थोडं इकडे..." लोकेश म्हणाला. मग मान वर न करताच, "लांब पाइप मिळतो. घालतो आणि निघतो, तासाभराचं काम."

सासूबाई गाडीच्या दाराशी गेल्या, आतली आहेराची पिशवी काढली, आणि डागाळलेल्या साडीनिशीच फाटकाकडे चालू लागल्या.

"आई, कुठे? होतंय ना!"

"तू पूस," त्या म्हणाल्या. मग मला, "पोरले घे वं. रिक्षा थांबाडस मी."

मित्राच्या पायांवरचा बुळबुळीतपणा जात नव्हता. मी पुन्हा पाणी ओतलं. पाठीमागे फडकं रंगावर फिरत होतं, चुक चुक.